भंडाऱ्याहून मानकापूर : मनोविकारांवरच्या उपचारांचा आढावा

झाडीपट्टीत कुणाच्या डोक्यावर परिणाम झाला की घरच्यांपुढे साधारण तीन वाटा असतात. पहिली पुजाऱ्याची. दुसरी तालुक्याच्या डॉक्टरची, झोपेच्या गोळीसाठी. या दोन्ही चालून पाय थकले की तिसरी, नागपूरला मानकापूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची. भंडारा शहरातून नागपूर साठेक किलोमीटर. लाखांदूरकडच्या माणसाचा मात्र जाण्यायेण्यात अख्खा दिवस मोडतो आणि रोवणीच्या दिवसांत रुग्णाबरोबर सोबत्याचीही मजुरी बुडते. म्हणून पहिल्या खेपेला आणलेली महिन्याची गोळी संपली की दुसरी खेप पुष्कळदा होतच नाही.

मानसोपचारांवर बोलताना शहरी मंडळी एका वादात अडकतात: गोळ्या बऱ्या की समुपदेशन? शरीराचा आजार की मनाचा? वाद रंगतदार आहे, पण भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात तो फारसा कामाचा नाही. कोणत्या आजाराला काय लागू पडते, हे गेल्या सत्तर वर्षांत बऱ्यापैकी कळलेले आहे. लागू पडलेला उपचार बारा महिने चालू ठेवणार कोण, हा इथला प्रश्न आहे. या आढाव्यात मी उपचारांची पारख त्याच कसोटीवर करणार आहे.

नागपूरचे मनोरुग्णालय 1864 सालचे. तेव्हा भंडारा मध्य प्रांतात होता आणि 1858 च्या कायद्यानुसार ‘वेड्यांचे इस्पितळ’ म्हणजे मुख्यतः कोंडून ठेवण्याची जागा. उपचार म्हणावे असे जगातच काही नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टरांनी हताशपणे काय काय करून पाहिले! उपदंशाने मेंदू बिघडलेल्यांना मुद्दाम हिवताप दिला (त्याला 1927 चे नोबेल), इन्सुलिनने बेशुद्ध केले, मेंदूचे धागे कापले (त्यालाही नोबेल, 1949 चे). पारितोषिक मिळाले म्हणजे उपचार बरोबर असतो, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

मग आठ-नऊ वर्षांत सगळे पालटले, तेही बहुतेक अपघाताने. 1949 मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांना लिथियम दिले. क्लोरप्रोमाझीन शल्यक्रियेच्या वेळी भूल देताना वापरून पाहिले जात होते. 1952 मध्ये पॅरिसच्या देले आणि देनिकर यांनी ते भ्रम-भास असलेल्यांना दिले आणि वॉर्डातला आरडाओरडा थांबला. क्षयावरचे आयप्रोनियाझिड घेणारे रुग्ण अचानक उत्साही दिसू लागले, त्यातून उदासीनतेवरच्या औषधांची वाट सापडली. स्वित्झर्लंडचे रोलांड कून इमिप्रामीन वापरून पाहत होते ते स्किझोफ्रेनियासाठी, गुण आला तो नैराश्याला; 1957 मध्ये त्यांनी ते छापून जाहीर केले. यात आपलेही एक पान आहे. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्येच सर्पगंधेचा गुण लिहून ठेवला होता. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी 1949 मध्ये तिचा रक्तदाबावरचा उपयोग जगापुढे मांडला आणि तिच्यातून काढलेले रेसर्पिन 1954 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयात पोहोचले. पुढे ते मागे पडले, पण गावठी मुळी आधी आणि परदेशी गोळी नंतर, असा त्याचा क्रम होता.

औषधे आली म्हणून माणसे घरी येऊ शकली. महाराष्ट्रात आजही चारच प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत: येरवडा, ठाणे, रत्नागिरी आणि नागपूर. नागपूरच्या मंजूर खाटा 940. एवढ्या खाटांत सबंध विदर्भ मावणार नाही आणि मावण्याची गरजही नाही. बहुतेक रुग्णांचा उपचार घरी राहूनच व्हायला हवा.

आता औषधांचे खरे मोल. स्किझोफ्रेनिया आणि टोकाच्या चढउतारांचा बायपोलर आजार, या दोन्हींत गोळीला पर्याय नाही, हे सरळ सांगितले पाहिजे. नुसत्या बोलण्याने भास जात नाहीत. गोळी बंद केली की बहुतेकांचा आजार काही महिन्यांत उलटतो. रोज गोळी न घेणाऱ्यांसाठी दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचे इंजेक्शन आहे, ते फारसे महागही नाही. दोन-तीन औषधे फसली तर क्लोझापीन. ते सर्वांत गुणकारी, पण पांढऱ्या पेशी एकाएकी घटण्याचा धोका असल्याने सुरुवातीचे अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावे लागते. पालांदूरच्या मजुराला हे सांगून पाहा.

नैराश्याची गोष्ट वेगळी. 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये 522 चाचण्या आणि 1,16,477 रुग्णांचा एकत्र अभ्यास आला. तपासलेली एकवीसच्या एकवीस औषधे साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली, मात्र फरक माफक होता. ‘मेंदूतले सेरोटोनिन कमी झाले म्हणून उदास वाटते’ हे औषध कंपन्यांनी घरोघर पोहोचवलेले स्पष्टीकरणही टिकलेले नाही. 2022 च्या मोठ्या आढाव्यात त्याला भक्कम पुरावा सापडला नाही. याचा अर्थ गोळी खोटी, असा कुणी लावू नये. क्रोसिनने ताप उतरतो म्हणजे अंगात क्रोसिनची कमतरता होती, असे नसते. मध्यम आणि तीव्र नैराश्यात गोळी उपयोगी पडते, सौम्य नैराश्यात तिचा फायदा अंधुक होत जातो.

‘गोळीची सवय लागते’ ही भीती मात्र अर्धी खरी आहे. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांची सवय लागतेच, आणि सर्रास चिठ्ठीवर लिहिल्या जातात त्या याच. दुकानातून परस्परही मिळतात. नैराश्यावरच्या एस्सिटालोप्रॅम किंवा फ्लुओक्झेटीनची तशी तलफ लागत नाही, पण ती एकदम बंद केली तर चक्कर, बेचैनी, झोपमोड होते. ती हळूहळू उतरवायची असतात. गावात भीती भलत्याच गोळीची आणि भरवसाही भलत्याच गोळीवर, असा उलटा प्रकार आहे.

एका गोष्टीवर थोडे थांबतो, कारण ती खास इकडची आहे आणि पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत तिला दोन ओळींपेक्षा जागा मिळत नाही: ऊन. भंडाऱ्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांचा. त्याच महिन्यात तेंदूपत्त्याची तोडणी आणि उन्हाळी धानाची कापणी. बायपोलरचा रुग्ण लिथियमवर असेल तर त्याच्या रक्तातले लिथियम साधारण 0.6 ते 1.0 या पट्ट्यात राहावे लागते. दीडच्या वर गेले की विष. घाम गेला, पाणी-मीठ कमी पडले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते आणि औषध तेवढेच घेऊनही पातळी चढते. त्यात कंबर धरली म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेतली की ती आणखी चढते. हात थरथरणे, जुलाब, तोल जाणे, जीभ जड होणे ही लक्षणे. घरच्यांना वाटते ऊन लागले, कांदा लावतात. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचाही असाच घोटाळा होतो. औषधाने अंग आखडते म्हणून सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल देतात, त्याने घाम कमी होतो आणि उष्माघात लवकर गाठतो. म्हणून एप्रिल लागताच अशा प्रत्येक घरी कुणीतरी जाऊन सांगितले पाहिजे: मीठ तोडू नका, पाणी बरोबर न्या, दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका, जुलाब लागले तर लगेच दवाखाना गाठा. हे सांगायला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही, गावची आशाताई पुरेशी आहे. पण तिला हे कुणी शिकवलेले तर पाहिजे.

शॉकविषयी थोडक्यात. 1938 मध्ये रोममध्ये सुरू झालेली ही विद्युत उपचारपद्धती सिनेमाने बदनाम केली आणि आपल्याकडे भूल न देता केलेल्या वापराने त्या बदनामीला आधार दिला. तीव्र नैराश्यात, खाणेपिणे सुटलेल्या किंवा दगडासारख्या थिजलेल्या रुग्णात तिच्याइतका खात्रीचा गुण क्वचितच कशाला येतो. काही काळ स्मरण कमी होते, तेही खरे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय शॉक देण्यास बंदी घातली आहे. चुंबकीय लहरींचे आणि केटामाइनचे उपचार मोठ्या शहरांच्या खासगी दवाखान्यांत मिळतात. लाखांदूरच्या हिशेबात ते आज येत नाहीत, म्हणून सोडून देतो.

मानसशास्त्रीय उपचारांत फ्रॉइडचा कोच आपल्या मातीत रुजला नाही. रुजले ते अल्बर्ट एलिस. त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती 1955 ची. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणली, शिकवली, वाचकांच्या हाती दिली; ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींच्या आयपीएच संस्थेने 1990 पासून तिच्याभोवती लोकशिक्षणच उभे केले. केईएमच्या डॉ. एन. एस. वाहिया यांनी पतंजलीच्या योगावर बेतलेली उपचारपद्धती रुग्णांवर अजमावली आणि तिचे निबंध 1970 च्या दशकात अमेरिकी नियतकालिकांत छापून आले. ॲरन बेक यांची विचार आणि वर्तन बदलण्याची पद्धती आज जगभर प्रमाण मानली जाते. सौम्य ते मध्यम नैराश्य, घबराट, मंत्रचळ यांत तिचा गुण गोळीच्या तोडीचा आहे आणि थांबवल्यावर तो अधिक टिकतो. गोळी आणि ही पद्धती दोन्ही मिळून दिल्या तर नैराश्यात कुठल्याही एकीपेक्षा सरस.

पण हे द्यायला माणूस कुठून आणायचा? देशात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरता भरत नाही आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ त्याहूनही विरळ. 2011 च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची वस्ती बारा लाखांवर होती. तज्ज्ञाने एकेकाला तासभर देत बसायचे ठरवले तर लाखनीच्या रुग्णाचा नंबर कधी लागायचा?

उत्तर गोव्याने दिले. ‘संगत’ या संस्थेने मानसशास्त्राचा गंध नसलेल्या स्थानिक माणसांना काही आठवडे शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रात बसवले आणि सहा ते आठ बैठकींचा एक साधा उपचार त्यांच्या हाती दिला. 2017 मध्ये निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी नैराश्य ओसरलेले रुग्ण नेहमीच्या उपचारात 39 टक्के, या बैठकींसह 64 टक्के.

या बैठकीत चालते तरी काय? समजा, पवनी तालुक्यातली एक बाई आहे. नवरा कामाला परगावी, सासू अंथरुणाला, झोप उडालेली, अंग जड. डॉक्टरकडे ती ‘अशक्तपणा आहे, सलाईन लावा’ म्हणून जाते. समुपदेशक तिला ‘विचार बदला’ असा उपदेश करत नाही. मागचा आठवडा कसा गेला ते विचारते. कळते, की तिने भजनमंडळ सोडले, बचतगटाची बैठक चुकवली, कोंबड्याही शेजारणीला देऊन टाकल्या. मन लागत नाही म्हणून एकेक काम सुटले, आणि काम सुटले म्हणून मन आणखी बसले. मग उलटी वाट धरायची. बरे वाटेल तेव्हा जाईन असे म्हणायचे नाही, आधी जायचे. या शनिवारी भजनाला नुसते अर्धा तास बसून यायचे, गायचे नाही. पुढच्या वेळी काय जमले, काय नाही, याची चौकशी. सासूच्या औषधाचा प्रश्न असेल तर तोही सोडवायला घ्यायचा, कारण दुःखाचे कारण दरवेळी डोक्यातच असते असे नाही. दिवाळीनंतरच्या मंडईला ती पोरांना घेऊन गेली, दंडार पाहून हसली, तर तो उपचाराचा भाग झाला.

गोवा लहान आणि सुखवस्तू, तिथले इथे कसे चालेल, ही शंका रास्त. म्हणून अमरावती पाहावी. तिथल्या तीस खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणारे आधी शंभरात चारच्या आसपास होते, ते सत्तावीसवर गेले. तुलनेसाठी दुसरी गावे घेतलेली नव्हती, त्यामुळे सगळे श्रेय कार्यक्रमाला देता येत नाही. तरीही विदर्भातल्या खेड्यात लोक मनाच्या दुखण्यासाठी पुढे येतात, एवढे त्यातून ठरले.

दारूचे दुखणे झाडीपट्टीत मोहफुलाइतकेच जुने आहे, आणि तिथे औषध व बोलणे एकमेकांपासून सुटे करताच येत नाहीत. रोज पिणारा माणूस श्रावण पाळायचा म्हणून एकदम सोडतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात कापतात, भिंतीवर किडे दिसतात, मेलेला बाप हाका मारतो, फिट येते. घरचे म्हणतात बाधा झाली, आणि माणूस पुजाऱ्याकडे जातो. ही बाधा नाही आणि देवाचा कोपही नाही. दारू अचानक तुटल्याने मेंदू पेटून उठलेला असतो. यात जीव जातो. यावर दवाखान्यात काही दिवस उतरत्या मात्रेने झोपेच्या गटातली गोळी आणि ब-1 जीवनसत्त्वाचे इंजेक्शन द्यायचे असते. वर वाईट म्हटलेल्या गोळीची खरी जागा ही. पुढची लढाई मात्र बोलण्याची आणि सोबतीची. पुण्यात 1986 मध्ये अनिल आणि सुनंदा अवचटांनी सुरू केलेल्या मुक्तांगणने ती मराठी घराला समजेल अशी करून दाखवली. शेजारच्या गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ 2016 पासून गावोगाव दारू-तंबाखूवर काम करते आहे. भंडाऱ्याने दूर जायची गरज नाही.

पुजाऱ्याचे काय करायचे? मला त्याला शत्रू ठरवणे पटत नाही. रात्री दोन वाजता दार उघडणारा तोच असतो, आणि घाबरलेल्या घराला धीर देणे हे कामच आहे. पण बांधणे, मारणे, चटके देणे याला माफी नाही. तमिळनाडूत एरवाडीला 2001 मध्ये साखळदंडाने बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारहाण करणे महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे आणि मनोरुग्णाला साखळीने बांधणे 2017 च्या कायद्याने. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात मुजावर स्वतः रुग्णाला आवारातल्या डॉक्टरकडे धाडतात. ‘दवा आणि दुआ’ असे त्या प्रयोगाचे नाव. साताऱ्यात ‘परिवर्तन’ आणि अंनिसच्या मंडळींनी मानसमित्र घडवले. या दोन्हींच्या मधली एखादी वाट झाडीपट्टीला सापडू शकेल.

सातारा आणखी एका कारणाने आठवतो. 2014 मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत सातारा, गोवा आणि तमिळनाडूतल्या 282 स्किझोफ्रेनिया रुग्णांपैकी काहींना दवाखान्याच्या उपचाराबरोबर घरी येणारा कार्यकर्ता दिला गेला. तो गोळ्या मोजे, घरच्यांना आजार समजावून सांगे, रुग्णाला कामाला लावायला मदत करी. वर्षभराने त्यांची लक्षणे इतरांपेक्षा थोडी अधिक कमी झाली. ‘थोडी’ हा शब्द मी मुद्दाम ठेवतो; या क्षेत्रात चमत्कार सांगणाऱ्यापासून दूर राहावे. पण ते थोडे म्हणजे कुणाच्या घरी पुन्हा बांधीत उतरलेला मुलगा असतो.

भंडाऱ्यावर सामूहिक दुःखाचेही आघात झाले. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. 24 जानेवारी 2025 ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले. अशा वेळी ‘समुपदेशकांचे पथक पाठवा’ अशी मागणी होते. पण लगेच बसवून सगळे बोलायला लावण्याची एकच बैठक पुढचा आघातविकार टाळत नाही, उलट काहींना त्रास होतो, असे अभ्यास सांगतात. पहिल्या दिवसांत लागते ती खरी माहिती, जवळची माणसे, कागदपत्रांत मदत. महिन्यानंतरही स्वप्ने, दचकणे, टाळाटाळ चालू राहिली तर आघातावर बेतलेले उपचार, आणि ते गुणकारी आहेत. पथके येतात पहिल्या आठवड्यात. आईला गरज असते सहाव्या महिन्यात.

सरकारी हिशेबात भंडारा नेहमीच कडेला राहिला. 2015-16 चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झाले, त्यात शेजारचा मध्य प्रदेश होता, महाराष्ट्र नव्हता. त्याच सुमारास शेतकऱ्यांसाठी आलेला ‘प्रेरणा’ प्रकल्प मराठवाड्यासह चौदा जिल्ह्यांचा. विदर्भातून अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा. धानाचा शेतकरी कापसाच्या शेतकऱ्याइतका बातमीत येत नाही, म्हणून त्याची उदासी कमी खोल असते काय? 1996 पासून देशात वाढत गेलेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम कागदावर सगळ्यांना व्यापतो. त्याचे वजन मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी पडते. माझे मत असे, की पुढचा रुपया नव्या इमारतीवर किंवा यंत्रावर खर्च करू नये. तो तालुक्याला न तुटणाऱ्या औषधसाठ्यावर आणि दर काही गावांमागे शिकवलेल्या, पगारी, मानधनावर न राबवलेल्या एका माणसावर खर्च व्हावा. आशाताईंवर आणखी एक फुकट काम टाकून हे होणार नाही.

वाचकांनी तोवर एवढे करावे. 2017 च्या कायद्याच्या अठराव्या कलमानुसार अत्यावश्यक यादीतली मनोविकारांची औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात, सर्व काळ, सर्व रुग्णांना मोफत मिळायला हवीत. किमान सेवा जिल्ह्यात नसतील तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी झालेल्या उपचाराचा खर्चही सरकारवर येतो. लाखांदूर, लाखनी, मोहाडी, पवनी, कुठल्याही ग्रामीण रुग्णालयाच्या औषधखिडकीवर ‘नाही’ असे उत्तर आले, तर ते लेखी मागा. आणि रात्री-अपरात्री घरात कुणाचा तोल ढळत असेल तर 14416 हा टेली मानसचा क्रमांक लावा. तो फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते.